हरलेल्याचा सत्कार

आधीच सांगून टाकतो, यशराजवर मी जळतो. आडपडदा कशाला ठेवायचा? लढत तो हरला, जिंकलो मी, पट्टा माझ्या घरात टीव्हीच्या वर लटकतोय, आणि जळतोय पण मीच.

लढत जानेवारीत झाली. प्रोफेशनल बॉक्सिंग, आठ राउंड, आणि तेही आपल्याच कोल्हापुरात. पहिले पाच राउंड माझे. यशराजला मी जवळ येऊच दिला न्हाय. डावा हात त्याच्या तोंडावर, पाय हलते, मारायचं आणि बाजूला सरकायचं. बघणाऱ्याला त्यात काय मजा न्हाय, कबूल हाय. सहावा आणि सातवा त्याचा. आठव्यात त्याचा उजवा हात माझ्या कानशिलावर बसला आणि मी सपशेल उताणा. रेफ्री दहा मोजतो, त्यानं आठ म्हणेपर्यंत उठलो, आणि घंटा वाजेपर्यंत त्याच्याच गळ्यात पडून उभा राहिलो. पंच तिघं हुते. पडल्याचा एक गुण जादा कापूनबी दोघांनी मला शहात्तर दिले, त्याला पंच्याहत्तर. तिसऱ्यानं बरोब्बर उलटं दिलं. माझा हात वर गेला आणि सगळ्या हॉलनं शिव्या घातल्या.

आता आमच्या गावाचं कसं हाय बघा. हितला माणूस कुस्ती बघत वाढलाय. पाठ टेकली की कुस्ती संपली, मग त्याआधी अर्धा तास तू काय केलंस हे कोण इचारत न्हाय. बॉक्सिंगमधी पडलेला उठतो, आणि प्रत्येक राउंडचे गुण वेगळे धरतात, हे कुणाच्या टाळक्यात शिरतच न्हाय. माझी पाठ टेकलेली सगळ्यांनी बघितली. मोबाईलवरबी तेवढाच बारा सेकंदांचा तुकडा फिरला. पहिले पाच राउंड कुणी पाठवले न्हाईत.

तिथनं सुरू झालं. शिरोलीला फौंड्रीत मी कामाला हाय. गेटवरच सुरुवात, "काय चॅम्पियन, पंचांना मटणाचं जेवण कुठं घातलंस?" आणि यशराज चौकात उभारला तर पोरं सेल्फीला रांग लावणार. त्याचा ह्ये मोठा फ्लेक्स लागला, 'जनतेच्या मनातला विजेता'. खाली शुभेच्छुकांचे चाळीस फोटो, आणि त्यात माझा सख्खा मेव्हणा, गॉगल लावून. वर्षाराणी, माझी बायको, म्हणाली, "पट्टा तुमच्याकडं हाय न्हवं? मग फ्लेक्सचं काय घेऊन बसलाय?" तिला काय सांगणार? मला फ्लेक्सबी पायजे हुता.

पण ते सगळं मी गिळलं असतं. खरं दुखणं आबांचं हुतं. आबा म्हंजे माझे वडील, हंबीरराव, जुने पैलवान. लढतीला पहिल्या रांगेत बसलेवते. घरी आल्यापासनं मात्र त्या लढतीविषयी चकार शब्द न्हाय. म्हशीला वैरण घालायची, पेपर वाचायचा, जेवायचं. पट्ट्याकडं मान वर करून बघितलं न्हाय. आबांनी एकदा, फक्त एकदा म्हणावं, 'तू जिंकलास', एवढंच मला पायजे हुतं. एकदा गोठ्यात जाऊन इचारलं, "आबा, पंचांचे गुण कागदावर मांडून दावू का?"

"पाठ टेकली हुती," आबा म्हणाले आणि पेंढी सोडायला लागले.

तेवढ्यात आमच्या तालमीनं यशराजचा सत्कार ठरवला. आमच्या तालमीनं, जिथं मी लहानपणापासनं घाम गाळला. मी जिंकलो तवा ऑफिसात बोलावून शाल-नारळ दिला, पाच मिनिटांत मोकळे. आणि हरलेल्याला मांडव, हलगी, चांदीची गदा. फेटा बांधायला कोण? तर आबा. पेठेत त्यांच्यासारखा फेटा कुणाला बांधता येत न्हाय. अध्यक्षांनी मलाबी फोन केला. म्हणाले, "कृष्णात, तूबी ये. जरा मोठं मन दाखव."

गेलो. मोठं मनबिन काय न्हाय, आबा जाणार म्हणून गेलो. आबांनी पांढराशुभ्र सदरा घातलेला. त्यांनी यशराजची हनुवटी धरून डोकं सरळ केलं आणि एकेक पदर असा चापून बसवला की पोटच्या पोराचं लगीन असावं. मी खालनं बघत हुतो. तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या क्षणी पट्टा, नाव, सगळं देऊन टाकलं असतं आणि त्या खुर्चीत जाऊन बसलो असतो.

बसवंना. चढलो स्टेजवर आणि माईक घेतला. म्हणालो, "यशराज, लोक म्हणतात तू जिंकलास. मग परत खेळू. हितंच, कोल्हापुरात. पंच बाहेरच्या राज्यातले आणू. पट्टा मी डावावर लावतो." आबांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, जमलं.

यशराजनं शांतपणानं माईक घेतला. "परत कशाला खेळायचं?" तो म्हणाला. "पंचांनी चूक केली, त्यात कृष्णातचा काय दोष? मी त्याला कधीच माफ केलंय."

टाळ्या थांबंनात. हलगीवाल्यानं तर दणकाच सुरू केला. मी जिंकलेला माणूस, हजार लोकांपुढं माफी मिळालेला. आबा मागनं हळूच म्हणाले, "बघतोस काय? मिठी मार त्याला."

मारली मिठी. यशराजनं माझ्या कानाला तोंड लावलं. "परत खेळ म्हणू नकोस दोस्ता," तो म्हणाला. "पाच राउंड मला तू घावलाच न्हाईस. जिंकलास तूच, मला म्हाईत हाय. पण आता हे सगळं झाल्यावर मी कुठल्या तोंडानं सांगू?"

काय झालं मला ठाऊक न्हाय, डोळंच भरून आलं. एवढ्या महिन्यांत कुणीतरी म्हणालं, आणि ज्याला हरवलं तोच म्हणाला. मी खाली उतरलो, आबांना गर्दीतनं बाजूला घेतलं आणि म्हणालो, "आबा, यशराज सोता म्हणाला. कानात म्हणाला. जिंकलास तूच, असं म्हणाला."

आबांनी स्टेजकडं बघितलं. यशराज गदा खांद्यावर घेऊन फोटोला उभा हुता.

"असं म्हणाला?" आबा म्हणाले. "बघ, किती मोठ्या मनाचं पोरगं हाय."