न जळलेला केहिंदे

“सूनबाई, केहिंदेला पाद्र्याच्या हाती देऊ नकोस. लेक आहे तो माझा,” सासूने बजावलं होतं. चर्चला जाणाऱ्या इबिरोंकेने ते हसण्यावारी नेलं. केहिंदे हा तिच्या नवऱ्याचा जुळा भाऊ. तो तान्हेपणीच गेला, आणि मेलेल्या जुळ्यासाठी तिथे करतात तशी त्याच्या नावाची लाकडी बाहुली सासूने तीस वर्षं न्हाऊ घातली, चवळी भरवली. पाच वेळा नमाज पढणारी बाई! मशिदीतले कुरकुरले तर म्हणायची, “अल्ला मोठा आहेच रे, पण पोराला भूक लागते ना?”

पुढे इबिरोंकेच्या बाळाचा ताप उतरेना. पाद्री म्हणाला, “त्या लाकडात सैतान आहे, आण, जाळतो.” इबिरोंकेने बाहुली दिली आणि सासूने अन्न टाकलं.

आठवड्याभरात ओशोग्बोच्या बाजारात, परदेशी पाहुण्यांसाठीच्या दुकानात, इबिरोंकेला केहिंदे विकायला मांडलेला दिसला. “पाद्रीबाबांचा माल, ताई,” दुकानदार म्हणाला. कानातलं देऊन तिने त्याला सोडवलं.

रविवारी भरल्या चर्चमध्ये ती देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उठली. पाठीशी बाळासारखा बांधलेला केहिंदे तिने सोडून उंच धरला.

“हालेलुया! पाद्रीबाबांनी याला आगीत टाकलं, अन् बघा, साधा चटकाही नाही! चमत्कारच ना, बाबा? सांगा की!”

लोक आधी जयजयकार करत उठले, मग सगळ्या माना पाद्र्याकडे वळल्या. त्याला फुटलेला घाम ती डोळे भरून पाहत राहिली.

सासू आता जेवते. तुमच्याही घरचं जुळं कुणी जाळायला नेलं असेल, तर त्या दुकानात एकदा डोकावून या. उपाशी असेल बिचारं.