सातव्या जागेची सावली

ऊन मोजणारी बाई तळघरात बसते, यावर संस्थेतल्या प्रत्येकाने एकेकदा विनोद करून घेतला होता. आता कुणी करत नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. ऊनबाई.

काम तसं सरळ होतं. संस्थेच्या मागच्या मैदानात, झाडांखाली, गवतात, कुंपणाजवळ अशा बारा ठिकाणी जमिनीलगत बटणाएवढी काच बसवलेली होती. काचेवर पडलेलं ऊन केसासारख्या बारीक काचतंतूत शिरायचं, मातीखालच्या नळीतून तळघरात यायचं आणि तिथल्या पेटीत मोजलं जायचं. आभाळातून किती ऊन निघालं ते साहेबांना नको होतं. गवताच्या पात्याच्या वाट्याला खरोखर किती आलं, ते हवं होतं. पेटीत इकडचातिकडचा उजेड शिरू नये म्हणून खोलीला खिडकीच ठेवली नव्हती. सकाळी ऊनबाई मऊ फडक्याने बारा काचा पुसायची, पक्ष्यांचे पराक्रम आणि गोगलगायींच्या रेघा काढून टाकायची, आणि मग दिवसभर खाली बसून पडद्यावरच्या बारा रेषा बघायची.

"आज किती किलो भरलं गं ऊन?" ताई फोनवर विचारायची.

ताई म्हणजे थोरली बहीण. दोघी जन्मभर एका घरात, एकमेकींवर खेकसत राहिल्या. मग ताई लेकीकडे गेली, तिच्या बाळाला सांभाळायला. चार महिन्यांसाठी गेली होती, ते बाळ आता पळायला लागलं. ऊनबाईचा हात अजून दोघींपुरतंच रांधायचा. त्यामुळे डबा रोज जड.

डबा ती एक वाजता उघडायची. त्याला कारण होतं. थंडी सुरू झाल्यापासून सातवी रेष एक वाजला की खाली बसायची आणि थोड्या वेळाने उठायची. आधी तिला वाटलं, पान पडलं असेल. मग वाटलं, कुंपणाचा खांब. पण खांबाची सावली सूर्याच्या मागे चालते, दिवस लहानमोठे झाले की तीही सरकते. ही सावली घड्याळ बघून येत होती. आठवड्यातून एक दिवस सुट्टीसुद्धा घेत होती.

म्हणजे माणूस.

वर जाऊन बघणं काही अवघड नव्हतं. ती गेली नाही. प्रत्येक जागेवरून एक राखीव तंतूही खाली आणलेला होता. सातव्याच्या राखीव टोकाची टोपी काढून ती ते तळहातावर धरायची. हातावर उन्हाचा दाणा पडायचा. एक वाजता दाणा मंद व्हायचा.

"आलात? बसा," ती म्हणायची आणि घास घ्यायची. कधी उशीर झाला तर, "आज कुठे उलथला होतात?" एकदा दाणा अगदी विझला आणि लगेच पुन्हा पेटला. हे काय, ते तिला कळलं नाही, पण हसू आलं.

मग साहेबांचा फोन आला. साहेब तिसऱ्या मजल्यावर बसायचे. माणूस चांगला, फक्त आनंद झाला की ओरडून बोलायचे.

"ऊनबाई, ती सातवी जागा! मी खांब समजत होतो. पण सावली घड्याळाप्रमाणे येतेय हो!"

"हो का?"

"कुणीतरी बसतंय तिथे. उठवा त्याला. नाहीतर सातवी जागाच रद्द करावी लागेल. तुमच्या नाही आलं लक्षात?"

"बारा रेषा असतात, साहेब," ती म्हणाली आणि हातातला दाणा मुठीत मिटला.

दुसऱ्या दिवशी एक वाजता ती वर गेली. जिन्यात तिने दोनतीन बरी वाक्यं जुळवली होती. पण अंधारातून आल्यावर डोळे असे दिपले की सगळी पुसली गेली. काचेजवळच्या दगडी ठोकळ्यावर कुणीतरी उन्हाला पाठ देऊन बसलं होतं. तिला नुसता काळा आकार दिसला. इथेही सावलीच.

"इथे बसायचं नाही," ती म्हणाली.

"बरं." आवाज वयस्कर पुरुषाचा होता. "कुणाची जागा आहे?"

"जागेचं नाही. तुमची सावली पडते." तिने काच दाखवली. "इथलं ऊन खाली माझ्या खोलीत येतं. मोजायला."

तो वाकला. गळ्यातली मोजपट्टी खाली लोंबली. "अरेच्चा! मला वाटलं कुणाचं बटण पडलंय. एकदा उचलायला गेलो, तर निघेना. मी समोरचा शिंपी. म्हणजे माझी सावली रोज तुमच्याकडे येते?"

"रोज एक वाजता."

"आणि तुम्ही तिला साधा चहा विचारला नाहीत!"

आता हसायचं असतं. तिला ते कळलं. पण तोंडातून निघालं, "संस्थेचा नियम आहे."

"असेल, असेल." त्याने रुमाल घडी करून खिशात घातला. "दिवसभर मशीनवर वाकलेला असतो हो. पाठीला जरा ऊन लागलं की संध्याकाळपर्यंत निभतं. चुकलं, बाई. उद्या नाही दिसणार."

आणि नाहीच दिसला. सातवी रेष सरळ झाली. "शाब्बास!" साहेब ओरडले. तळहातावरचा दाणा दुपारभर तसाच राहिला, भरलेला, लख्ख आणि मख्ख.

रात्री तिने ताईला सांगितलं.

"अगं, मग पलीकडे बसा म्हणायचं! सावली काय दोन्हीकडे पडते?"

"ठोकळा एकाच बाजूला आहे."

"ठोकळ्याला मुळं फुटलीयत का?" ताई म्हणाली. "तुला माणसांशी बोलताच येत नाही. मी होते तेव्हा मीच बोलायचे दोघींचं."

"तू कधी येतेस?"

पलीकडे बाळ रडायला लागलं. "बघू," ताई म्हणाली. "ठेवते गं."

सकाळी ऊनबाईने माळ्याला गाठलं. दोघांनी मिळून ठोकळा काचेच्या दुसऱ्या बाजूला नेला. तिथे ऊन तेच, फक्त बसणाऱ्याची सावली काचेकडे पाठ करून पडणार.

"दगडाची बदली झाली वाटतं," माळी धापा टाकत म्हणाला. "वशिला दांडगा दिसतोय!"

शिंप्याचं दुकान कुंपणापलीकडेच होतं. दारातून ठोकळा दिसला असता. तरी जाऊन सांगायला हवं होतं. ती कुंपणापर्यंत गेली, आतल्या मशीनचा आवाज ऐकला आणि परत येऊन पुसलेली काच पुन्हा पुसली.

एक वाजला. तिने टोक तळहातावर धरलं. दाणा मंद झाला नाही. सातवी रेष सरळ. तो येऊन बसला असेल तरी सरळ, आलाच नसेल तरी सरळ. व्यवस्था तिनेच तशी केली होती. इतके दिवस खाली बसून त्याची खबर लागायची, आता इथे ती कधीच कळणार नव्हती.

तिने टोकाला टोपी घातली. न उघडलेला डबा उचलला. नेहमीसारखाच जड. जिना चढताना वाक्यं जुळवायला घेतली आणि सोडून दिली. एक तेवढं ठेवलं. चहा घेणार का.

दार उघडलं आणि डोळे दिपले. ठोकळ्यावर काही काळं आहे, की उन्हानेच डोळ्यांपुढे अंधारी आलीय, कळेना. ती कपाळावर आडवा हात धरून उभी राहिली, डोळे सरावेपर्यंत.