माझ्या पोटातील कल्हई

माझी पणजी हंडी होती, आजी घागर होती आणि आई झारी होती. पणजीने एका आगबोटीच्या स्वयंपाकघरात दोनशे खलाशांचे पाणी उकळले. आजी एका इस्पितळात बाळंतिणींच्या खोलीबाहेर उभी असे. तिच्यातल्या ऊन पाण्याने किती जिवांची पहिली अंघोळ झाली, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. आईने एका रोपवाटिकेतील कोवळी रोपे वाढवली. तांबे एकच. तांबटाने ते प्रत्येक पिढीत वितळवले, ठोकले आणि नव्या अंगाने उभे केले. त्या घराण्यातील चौथ्या पिढीची मी. मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे, आणि मी रागावलेली आहे.

वयोवृद्धांनी रागावू नये, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या तोंडात कोणी नऊ वर्षे प्लास्टिकची फुले कोंबून ठेवली नव्हती. माझ्या ठेवली होती. जांभळी.

पण सुरुवातीपासून सांगते. अर्धवट ऐकून मत बनवणाऱ्यांनी या जगाचे फार नुकसान केले आहे.

तांबटाने मला अकरा दिवस ठोकले. माझी नळी त्याने नाकासारखी ताठ काढली. म्हणून मी कोणाकडेही मान वर करून पाहू शकते. शेवटच्या दिवशी त्याने मला आतून कल्हई केली. कल्हई म्हणजे काय, हे आजकाल ठाऊक नसते, म्हणून सांगून ठेवते. तांब्याचे भांडे बाहेरून कितीही चकाकले, तरी त्याची खरी अब्रू आत असते. आत कथिलाचा पातळ, चंदेरी थर देतात. तो शाबूत असेपर्यंत आमच्यात काहीही उकळावे. तो झिजला आणि आत आंबट पडले, की तांबे उतरते, पाणी हिरवट होते आणि माणसाला बाधते. एवढे साधे शास्त्र. एवढेच पाळायचे होते.

मला शिंपीणबाईंनी घेतले. खाली त्यांचे शिलाईचे दुकान, वर दोन खोल्या. त्या बाईंचा टापटिपीचा मोठा अभिमान. सुया आकाराप्रमाणे, बटणे रंगाप्रमाणे आणि नवरा वेळेप्रमाणे, असे त्यांच्याविषयी बोलले जाई. दर वर्षी कल्हईवाला आला, की सर्वांत आधी मला त्याच्यापुढे ठेवले जाई. त्या काळी माझ्या पोटात पाहून केस विंचरता येत असत.

त्यांच्या तीन मैत्रिणी होत्या. एक शाळेतल्या बाई, दुसऱ्या बसवरच्या कंडक्टरबाई आणि तिसरी फुंकर. फुंकरचे खरे नाव तिच्या आईलाही आठवावे लागे. जिन्याखाली तिचे इवलेसे पार्लर होते: एक खुर्ची, एक आरसा, एक पडदा. दुसऱ्याच्या अंगाला लागणारी प्रत्येक गोष्ट ती आधी फुंकून पाही. पाणी, तेल, ऊन टॉवेल, सगळे. म्हणून ती फुंकर.

चौकातल्या काचेच्या इमारतीत नवे स्पा उघडले, तेव्हा या चौघी दरपत्रक आणायला गेल्या आणि आल्या पावली परतल्या.

"नुसती वाफ घ्यायला एवढे?" कंडक्टरबाई म्हणाल्या. "एवढ्यात मी अख्खी बस चेहऱ्यावरून फिरवून घेईन!"

"वाफ तर माझ्या किटलीतूनही निघते," शिंपीणबाई म्हणाल्या.

"मग शनिवारी दुपारी तुझ्याकडे," फुंकर म्हणाली. "मी सगळं शिकवते. एकच अट. आठवडाभर मी दुसऱ्यांचे पाय धरते. शनिवारी माझे कुणीतरी धरायचे."

त्यातून एक नियम झाला: घेतले की दिले. जिने पाय बुडवले, तिने उठून दुसरीचे पाय पुसायचे. जिने डोक्याला तेल लावून घेतले, तिने दुसरीच्या चेहऱ्याला काकडी लावायची. कोणाचाही नंबर पुढच्या शनिवारवर ढकलायचा नाही. या नियमासाठी त्यांनी कधी वही ठेवली नाही. मी होते ना.

काय ते शनिवार! डोक्यावर चादर घेऊन एकेक जण माझ्या नळीपुढे वाकायची. उरलेले ऊन पाणी टबात जायचे, त्यात मीठ आणि मूठभर काचेच्या गोट्या. त्यांवर तळवे फिरवले, की दिवसभर उभे राहिलेले पाय सैल व्हायचे. जुन्या मोज्यात तांदूळ भरून, गाठ मारून, तो तव्यावर ऊन करून मानेवर ठेवायचा. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडून उरलेला चोथा आणायचा, त्यात मध घालून चेहऱ्याला लावायचा. तेलाची वाटी माझ्या झाकणावर आपोआप कोमट व्हायची.

"पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे," असे म्हणत कंडक्टरबाई एका टबात सहा पाय कोंबायच्या.

"हा कुणाचा अंगठा गं?"

"ज्याला गुदगुल्या होतील त्याचा."

मी पाहिलेले आहे. शाळेतल्या बाई, ज्यांच्यापुढे चारशे मुले चिडीचूप होत, त्या पायाला हात लागताच किंचाळत असत. ती वाफ माझी होती, मित्रांनो. तो हशा माझ्या पाण्यावर शिजला होता.

आता अपराधाकडे येते.

एका वर्षी शिंपीणबाईंना गणवेशांचे मोठे काम मिळाले. कल्हईवाला आला, हाक मारून गेला. पुढच्या वर्षी आला, तेव्हा त्याने माझे झाकण उघडून पाहिले.

"बाई, आतून तांबं दिसतंय. आत्ता करून घ्या."

"नंतर बघू. गणवेश द्यायचेत."

"मग निदान आंबट घालू नका हं यात."

"कळलं, कळलं."

मला कोणी विचारले नाही. माझ्या पोटाची कातडी सोललेली, आणि बाई काजे करीत बसलेल्या!

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, फुंकर लिंबाच्या साली घेऊन आली. हात मऊ व्हावेत म्हणून त्या मिठाच्या पाण्यात दुसऱ्या दिवसापर्यंत भिजवायच्या होत्या. तिने मला उचलले, आणि झाकणावर हात ठेवून थांबली. ती फुंकर होती. विचारल्याशिवाय काही करणारी नव्हती.

"कल्हई नवी आहे ना गं?"

शिंपीणबाईंच्या घरात काही राहून गेले आहे, हे त्यांनी आयुष्यात कोणापुढे कबूल केले नव्हते. त्यांनी मशीनवरून मानही वर केली नाही.

"म्हणजे काय! गेल्या महिन्यातच केली."

पुष्कळ लोक याला विसर म्हणतील, गडबड म्हणतील. मी याला खोटे म्हणते.

शनिवारी फुंकरने नियमाप्रमाणे काम केले. आधी शिंपीणबाईंचे पाय धुतले, टाचा घासल्या, तेल लावले. मग शाळेतल्या बाईंचा चेहरा. सोमवारी त्या मुख्याध्यापिका म्हणून पहिल्यांदा व्यासपीठावर बसणार होत्या. चोथा कोरडा झाला होता, म्हणून फुंकरने त्यात माझ्यातले लिंबाचे पाणी ओतले. काळ्या चोथ्यात हिरवे पाणी कोणाला दिसणार? घटकाभरात बाईंचे गाल पेटले. डोळे सुजून मिटले.

"काय लावलंस तू मला?" त्या ओरडल्या. "असलं स्वस्तातलं काहीतरी करतेस म्हणूनच तुझं पार्लर जिन्याखाली आहे!"

फुंकरने आपल्या हातांकडे पाहिले. मग शिंपीणबाईंकडे पाहिले. शिंपीणबाईंनी मला उचलले, उरलेले पाणी मोरीत ओतले, त्याचा रंग पाहिला आणि त्या गप्प बसल्या.

फुंकर निघून गेली. तिचे पाय त्या दिवशी कोणी धरले नाहीत. तिचा नंबर राहिला.

सोमवारी सुजलेला चेहरा सगळ्या शाळेने पाहिला. कोणी केले, हेही सर्वांना कळले. महिनाभरात जिन्याखालची खुर्ची रिकामी पडू लागली, वर्षाअखेरीस आरसाही उतरला. फुंकर एका हॉटेलच्या धुलाईघरात टॉवेलांच्या घड्या घालायला लागली. आणि मला काय मिळाले? खिडकीतली जागा, जांभळी फुले आणि पाहुण्यांची वाहवा: "किती छान अँटिक पीस आहे!" मी पीस नाही. मी साक्षीदार आहे. माझे तोंड बंद करण्यासाठीच ती फुले होती, हे शिंपीणबाईंना ठाऊक होते आणि मलाही.

नऊ वर्षे गेली. शिंपीणबाईंची नात कॉलेजात जाऊ लागली. एके दिवशी तिच्या दोन मैत्रिणी घरी आल्या. काचेच्या इमारतीतले दर आणखी वाढले होते.

"घरीच करू या की," नात म्हणाली. तिने मोबाइलवर कृती मोठ्याने वाचली, खिडकीत आली आणि एका झटक्यात माझ्या तोंडातली फुले उपटून काढली. मित्रांनो, त्या पोरीला मी शंभर गुन्हे माफ केले आहेत.

मला धुऊन तिने पाणी भरले. मीठ घातले. मग लिंबाची साल उचलली.

"त्यात नको!"

लिंबाची कृती कानावर पडताच शिंपीणबाई खालून जिना चढून आल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षे त्या दर पायरीला थांबत; त्या दिवशी थांबल्या नाहीत.

"का गं आजी? साधी लिंबंच आहेत."

"कल्हई गेलीय आतली. आंबट घातलं तर चेहरा सुजतो."

"तुला काय माहीत?"

"बघितलाय मी. शाळेतल्या बाईंचा."

नात हातात साल धरून उभी राहिली. लहानपणापासून तिने ती गोष्ट ऐकली होती. पण त्या गोष्टीत किटली कधीच नव्हती.

"आजी, तो तर त्या पार्लरवाल्या आजीमुळे सुजला होता ना?"

शिंपीणबाई स्टुलावर बसल्या. सांगायला त्यांना फार वेळ लागला नाही. खोटे एका वाक्याचे होते, खरेही तेवढेच निघाले.

"मग तिला सांगितलंस का?" नातीने विचारले.

मैत्रिणी आपापल्या नखांकडे पाहू लागल्या.

"आजी, मला शिवणात एक टाका चुकला तरी तू सगळी ओळ उसवायला लावतेस."

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाईंनी मला स्वतः कल्हईवाल्याकडे नेले. त्याने मला निखाऱ्यावर तापवले, नवसागर टाकला, धुराचा लोट उठला आणि कथिल माझ्या पोटात पाण्यासारखे पसरले. "बाई, उशीर केलात," तो म्हणाला. एरवी त्यांनी त्याला सुनावले असते. त्या दिवशी त्यांनी नुसती मान हलवली.

शनिवारी दुपारी त्यांनी फुंकरच्या खोलीचे दार वाजवले. एका हातात मी, दुसऱ्या हातात टब. मागे नात. शाळेतल्या बाई आणि कंडक्टरबाई यांनाही त्यांनी बोलावून घेतले होते. साक्षीदारांशिवाय केलेली कबुली म्हणजे पळवाट, हे त्या जाणून होत्या.

फुंकरने दार उघडले. पण आत या, असे म्हणाली नाही.

"त्या दिवशी कल्हई नवी नव्हती," शिंपीणबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "दोन वर्षं केली नव्हती. मी खोटं बोलले. पाणी हिरवं झालेलं बघितलं, आणि तरी गप्प बसले."

फुंकरने दोन्ही हात पुढे केले.

"नऊ वर्षं मी या हातांना दोष दिला गं. माझ्या पोरीच्या कपाळाला बाम लावतानाही भीती वाटायची मला."

शाळेतल्या बाईंचा चेहरा पुन्हा लाल झाला. या वेळी लिंबावाचून. "मी सगळ्या शाळेला हिचं नाव सांगितलं," त्या म्हणाल्या.

"मग आता सगळ्या शाळेला हिचं सांगा," कंडक्टरबाई शिंपीणबाईंकडे बोट दाखवत म्हणाल्या. "तिकीट चुकवलं एकीनं आणि उतरवलं दुसरीला!"

"सांगायची गरज नाही," शिंपीणबाई म्हणाल्या. "दुकानाच्या दारावर पाटी लावून आलेय. मोठ्या अक्षरांत. चूक माझी होती, फुंकरची नव्हती. शाळा सुटली की सगळे तिथूनच जातात."

"खरंच लावलीय," नात म्हणाली. "सकाळपासून चार गिऱ्हाइकं वाचून गेली. दोघी तर विचारत होत्या, पार्लर पुन्हा कधी उघडणार म्हणून."

तेव्हा फुंकर दारातून बाजूला झाली.

मित्रांनो, एवढे सांगून मी तुमच्याकडे एकच मागते. घरातल्या जुन्या वस्तूंना शोभेला बसवू नका. त्यांना कामाला लावा, आणि कामाला लावण्याआधी त्यांच्या आत डोकावून पाहा. झिजले असेल तर वेळेवर दुरुस्त करा. आणि कोणी विचारलेच, तर झिजले आहे, असे सांगा. त्यात कोणाची अब्रू जात नाही.

मला स्टोव्हवर ठेवले गेले. नव्या कल्हईत पाणी कसे निर्मळ उकळते, हे मी विसरले होते. टबात मीठ पडले, गोट्या पडल्या. शिंपीणबाई दुखरे गुडघे टेकून जमिनीवर बसल्या आणि त्यांनी फुंकरचे पाय हातांत घेतले. टबातल्या गार पाण्यावर मला तिरके केले. पाय बुडवण्याआधी त्यांनी टबातले ओंजळभर पाणी घेतले, त्यावर फुंकर घातली आणि ते पायांवर सोडले.

"अजून एकदा फुंक," वरून फुंकरचा आवाज आला. "गरम आहे."

त्यांनी पुन्हा फुंकले. टाचा घासल्या, बोटांच्या बेचक्या पुसल्या, तेल लावले. काही सोडले नाही. मग कंडक्टरबाईंनी आपले मोजे काढले, आणि फुंकर तेलाच्या पायांनीच उठू लागली; घेतले की दिले. शिंपीणबाईंनी तिला खांद्याला धरून खाली बसवले.

"आज नाही. आज तू फक्त घ्यायचंस. हा मागचा नंबर आहे."