रिग्मोरबाईंची कुरकुरणारी गाडी

मित्रांनो, मला चार चाके आहेत. त्यांतली तीन शहाणी आहेत आणि पुढचे डावे चाक कुरकुरते. मी वाचनालयातली एक जुनी लाकडी ढकलगाडी आहे. लोकांनी परत केलेली पुस्तके माझ्या फळ्यांवर रचतात आणि मला ढकलत नेऊन ती पुन्हा आपापल्या कपाटात ठेवतात. काम म्हणाल तर एवढेच. पण या एवढ्याशा कामात मी जन्मभर गोंधळलेली राहिले आहे.

गोंधळ जन्मापासूनचाच. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर आमचे लहानसे बंदराचे गाव आहे. तिथला एक सुतार दुधाच्या डेअरीसाठी गाड्या बनवत असे. त्याने मला घडवले, तेव्हा मी चीज वाहणार असेच मी धरून चालले होते. डेअरीला एक गाडी जास्त झाली आणि वाचनालयाने ती घेतली. पहिल्या दिवशी माझ्यावर पुस्तके ठेवली, तेव्हा मला वाटले, हे चीज फारच वाळलेले दिसते.

तिथे ग्रंथपाल होत्या रिग्मोरबाई. त्यांनी मला पाहिले, वाकल्या आणि चक्क हुंगले. पुढे कळले की त्या सगळेच हुंगतात. पुस्तक परत आले की उघडायच्या आधी ते नाकाशी न्यायच्या आणि म्हणायच्या, “पाइप ओढणाऱ्याचं घर. आणि परवा यांच्याकडे कोबी शिजला होता.” पानात खूण म्हणून लोक काय काय घालून ठेवत! एकदा स्वयंपाकाच्या पुस्तकातून तळलेल्या मांसाची एक पट्टीच निघाली. मदतनीस व्हीबेके किंचाळली. बाईंनी पट्टी चिमट्याने उचलली, पान पाहिले आणि म्हणाल्या, “निदान योग्य पानावर तरी ठेवली आहे.”

ग्रंथपाल म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र असते. रिग्मोरबाईंचे केस मुलग्यासारखे कापलेले होते, तरी शाळेची मुले त्यांचे चित्र काढताना डोक्यावर मोठा अंबाडा काढत. बाई ते चित्र मुकाट्याने भिंतीवर लावत. मांजराच्या केसांनी त्यांना शिंका येत, तरी दर वाढदिवसाला कोणीतरी मांजराचे चित्र असलेला कप आणून देई. वाढदिवस नक्की कोणाचा साजरा होतो, बाईंचा की त्या चित्रातल्या बाईचा, हे मला कधी नीट उमगले नाही.

काही गोष्टी मात्र खऱ्या होत्या. त्या सदा कुजबुजत बोलत. व्हीबेके सांगे की बेकरीतही त्या कुजबुजतच पाव मागतात. बेकरीवाल्याला ऐकू येत नाही, तो अंदाजाने खसखशीचा पाव देतो. बाईंना खसखस मुळीच आवडत नाही, पण आवाज चढवण्यापेक्षा त्या खसखस खातात. आणि त्यांचे ते ‘श्श्!’ तर गावभर प्रसिद्ध होते. नव्या खोलीच्या उद्‌घाटनाला नगराध्यक्ष भाषण करत होते, तर बाईंनी त्यांनाही ‘श्श्!’ केले. ते बिचारे उरलेले भाषण कुजबुजत बोलले.

आता माझा खरा गोंधळ सांगते. एकदा उंबऱ्यावरून उतरताना माझे डावे चाक आपटले आणि तेव्हापासून ते कुरकुरू लागले. कुईं, कुईं, कुईं. वाचनाच्या खोलीत टाचणी पडली तरी बाईंची मान वळायची, आणि मी मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत कण्हत जायची. मला मेल्याहून मेल्यासारखे होई. व्हीबेके कितीदा म्हणाली, “बाई, दोन थेंब तेल घालू का?” बाई दर वेळी म्हणत, “राहू दे. बघू नंतर.” जी बाई नगराध्यक्षांना गप्प करते, ती मला का करत नाही? मी फार विचार केला. काही कळले नाही.

एक मात्र होते. मी जिथे जिथे जाई, तिथे तिथे लोक अगदी सज्जन असत. विद्यार्थी ताठ बसून वाचत असत, फक्त त्यांच्या गालावर पुस्तकाच्या कडेचा वळ असे. कवितांच्या कपाटामागे एक मुलगा आणि एक मुलगी बसत. दोघांमध्ये नेहमी एक रिकामी खुर्ची असे आणि दोघांचेही कान लाल असत. मला वाटे, काय हे गाव! सगळी देवमाणसेच.

त्यांच्यातच एगॉन होते. बंदराजवळ त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते, ते त्यांनी म्हातारपणी बंद केले. त्यांची बायको आस्ता एका हिवाळ्यात गेली. तेव्हापासून ते रोज दुपारी येत आणि नकाशांच्या कोपऱ्यात बसत. तो कोपरा कपाटांच्या आड आहे, वळल्याशिवाय दिसत नाही. आम्ही कुरकुरत तिथे पोहोचलो की एगॉन रुमालाने चष्मा पुसत असत. रोज. जानेवारीतसुद्धा खिडकी सताड उघडी असे आणि तरीही कांद्याचा आणि खारवलेल्या मासळीचा वास दरवळत असे. बाई म्हणत, “आज हवा बरी आहे, नाही?” बाहेर बर्फ पडत असे. एगॉन म्हणत, “छान आहे, बाई.” आणि आम्ही पुढे जात असू. या माणसाच्या चष्म्यावर रोज एवढे काय साचते, हे कोडे मला सुटत नव्हते.

एका शुक्रवारी बाई फोनवर होत्या आणि मी कपाटाशी एकटी उभी होते. एगॉन आले. इकडेतिकडे पाहून गुडघ्यांवर बसले आणि खिशातून तेलाची छोटी कुपी काढली.

“काय गं म्हातारे, किती दिवस कण्हणार?” ते हळूच म्हणाले. “बाई कुणाला दुरुस्तीचं सांगायच्या नाहीत. थांब. त्या रोज माझ्याशी दोन शब्द बोलतात, तेवढं तरी करू दे मला त्यांच्यासाठी.”

त्यांनी चाक फिरवले, तेल सोडले, पुन्हा फिरवले. आवाज नाही! मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस आहे, असे मला तेव्हा वाटले. आता मीही वाचनालयात शोभेन, असे वाटले.

सोमवारी बाईंनी मला ढकलले आणि मी पाण्यावरून सरकावे तशी सरकले. बाई दचकल्या. त्यांनी चाकाकडे पाहिले, पण तोवर आम्ही नकाशांचा कोपरा वळलो होतो.

एगॉन चष्मा पुसत नव्हते. टेबलावर काळ्या पावाच्या दोन पुड्या सोडलेल्या होत्या. एक त्यांच्यापुढे, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. त्यांनी डोके हातांवर टेकवले होते आणि ते रडत होते. लहान मूल रडते तसे, आवाज करून.

“श्श्!” बाई म्हणाल्या.

त्यांना तसे म्हणायचे नव्हते. मी त्यांच्या हाताखाली होते, त्यांनी मला झटकन मागे ओढले ते मला कळले. पण जन्माची सवय, ती तोंडातून सुटून गेली. दोन वाचकांनी माना वळवल्या. एगॉन उठले. त्यांचा चेहरा सगळा ओला होता आणि तो लपवायला त्यांच्याकडे वेळच नव्हता.

“माफ करा, बाई,” ते म्हणाले. त्यांनी दोन्ही पुड्या कशाबशा कोटात कोंबल्या आणि ते निघून गेले.

त्यानंतर ते आलेच नाहीत. आज येतील, उद्या येतील, असे करता करता आठवडे गेले. आणि बाई बिघडल्या. त्यांनी ‘श्श्’ करणे सोडून दिले. वाचनाच्या खोलीत लोक मोठ्याने बोलू लागले. कोणीतरी चक्क शीळ घातली. लोकच गोंधळून बाईंकडे पाहू लागले. मी तर एवढी शांत चालत होते, तरी बाई मला हातही लावेनात. आता माझे काय चुकले?

शेवटी चहाच्या खोलीत व्हीबेकेने विषय काढला. मी दाराशीच होते.

“बाई, मघाशी दोन पोरं टेबल बडवत होती. तुम्ही काहीच बोलला नाहीत. ताप आहे का तुम्हाला?”

“मला माझं तोंडच नको झालंय, व्हीबेके.”

“त्या एगॉनचं अजून धरून बसलात होय? अहो, नकाशांवर मासळी खात होते ते. नियम म्हणजे नियम. तुम्हीच सांगता.”

“ते रोज खातात. हेरिंग आणि कांदा. मला काय नाक नाही?”

व्हीबेकेचा कप हवेतच राहिला. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“मला सगळं माहीत असतं गं. कोण झोपतं, कोण खातं, कवितांच्या मागे काय चालतं. पण माहीत असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. दिसलं की मला बोलावं लागतं. म्हणून तर ते चाक तसं ठेवलं होतं.”

“कुठलं चाक?”

“गाडीचं. मी येतेय हे लांबून कळायला नको? पाव खिशात जातो, झोपलेला उठून बसतो, रडणारा डोळे पुसतो. मग मी कोपरा वळते. मला काही दिसत नाही, कुणाला काही बोलावं लागत नाही.” बाईंचा आवाज कधी नव्हे तो चढला. “त्या चाकाला तेल घातलं कुणी?”

“मी नाही हं,” व्हीबेके घाईघाईने म्हणाली.

मित्रांनो, मी सुन्न झाले. ज्याची मला इतकी वर्षे लाज वाटली, तेच माझे काम होते? आणि ज्या दिवशी मी मिरवले, त्या दिवशी मी एका माणसाला उघडे पाडले? चांगले काय आणि वाईट काय, हा माझा हिशेबच पार चुकला.

बाईंनी बाह्या वर केल्या. सोड्याचे कढत पाणी ओतून त्यांनी माझे चाक घासघासून धुतले आणि दोन दिवस मला मागच्या अंगणात पावसात उभे केले. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा कुरकुरले. घसा बसल्यासारखा आवाज होता, पण होता. बाईंनी मला बाहेरच्या दाराकडे वळवले.

“गाडी कुठं निघाली?” व्हीबेकेने विचारले.

“गावात.”

“बाई, वाचनालयाची वस्तू नोंद केल्याशिवाय बाहेर जात नाही.”

“बरं झालं आठवण केलीस,” बाई म्हणाल्या. त्या परत फिरल्या आणि त्यांनी मला रीतसर आपल्या नावावर दोन आठवड्यांसाठी घेतले.

गावाचे रस्ते दगडी आहेत. मी कुईं कुईं करत, धडधडत चालले. मासेवाला दुकानाबाहेर आला. “काय बाई, वाचनालय मोडीत काढलं का?” बाईंच्या ओठांवर ‘श्श्’ आलेले मला दिसले, पण त्यांनी ते गिळले.

एगॉन यांच्या गल्लीत शिरताच बाई हळू झाल्या. स्वयंपाकघराचा पडदा हलला. आम्ही दाराशी पोहोचलो, आणि बाई थांबल्याच नाहीत! दारावरून पुढे गेल्या, गल्लीच्या टोकापर्यंत मला कुरकुरत नेले, आणि तिथून परत आणले. बाईंना घर सापडत नाही की काय, असे मला वाटले.

दार उघडले. एगॉन यांनी नुकताच चेहरा धुतला होता, कपाळावरचे केस ओले होते. त्यांनी बाईंकडे पाहिलेच नाही. ते माझ्या चाकाकडे पाहत होते.

“या चाकाची वाट कुणी लावली?”

“मी.”

“मी स्वतः तेल घातलं होतं त्याला! चांगलं, शिलाई मशीनचं!”

“तुम्ही?” बाईंचा चष्मा नाकावरून घसरला. “अहो, पण कशाला?”

“तुमच्या कानांना त्रास नको म्हणून. दुसरं काय देणार मी तुम्हाला?”

मग बाई बोलल्या, आणि कुजबुजल्या नाहीत. “एगॉन, त्या दिवशी ते तोंडातून निघून गेलं. मी तुम्हाला गप्प करायला आले नव्हते. मी येतेय हे तुम्हाला कळलं नाही, एवढंच झालं. हे चाक त्यासाठीच कुरकुरतं. तुम्हाला चष्मा पुसायला वेळ मिळावा म्हणून.”

एगॉन यांनी वाकून चाकाला हात लावून पाहिला. “म्हणजे कांद्याचा वास...”

“जानेवारीत खिडकी उघडून कुणी चष्मा पुसत बसत नाही.”

एगॉन हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरले आणि या वेळी त्यांनी ते पुसले नाहीत.

“घरी जेवायला बसलं की समोरची खुर्ची रिकामी दिसते,” ते म्हणाले. “तुमच्याकडे निम्म्या खुर्च्या रिकाम्याच असतात, बाई. तिथं ही एक वेगळी दिसत नाही.”

“मग तिथंच जेवा,” बाई म्हणाल्या. “मला सांगू नका म्हणजे झालं.”

एगॉन दुसऱ्या दिवशी आले. आता माझे चाक त्यांच्या ताब्यात आहे. दर महिन्याला ते खाली बसतात, चाक सोडतात, पुन्हा बसवतात आणि विचारतात, “एवढी कुरकुर पुरे का, बाई? की अजून थोडी?” बाई कान देऊन ऐकतात आणि म्हणतात, “थोडी अजून. नकाशांपर्यंत पोहोचायला हवी.” इतकी वर्षे सायकलींची कुरकुर घालवणारा माणूस मला मन लावून बिघडवतो. मला अजूनही हे सगळे नीट कळले आहे, असे नाही.

पण मित्रांनो, एक विनंती करते. एखाद्या वस्तूचा आवाज बंद करण्याआधी तिच्या माणसाला एकदा विचारा. आणि ज्या घरात नुकतेच कोणी गेले आहे, तिथे जाताना आपल्या पावलांचा थोडा आवाज होऊ द्या. दार लगेच उघडले नाही, तर गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारून या. आतल्या माणसाला तोंड धुवायला थोडा वेळ लागतो.