दामिनीने सांगितलेला अर्थ

गाडी दारात थांबते न थांबते तोच गिरधरने पेढ्यांचा पुडा फोडला. बायकोला, सरलाबाईला, धरून आणून त्याने ओट्यावरच्या खाटेवर निजवलं आणि जमलेल्या भाऊबंदांच्या हातावर एकेक पेढा ठेवत सुटला.

"काय म्हने सुरतना डॉक्टर?" शेजारच्या लोटनने विचारलं.

"आते पॅलिएटिव्ह करनं शे म्हने. दामिनी, सांग वं, काय अर्थ व्हस त्याना?"

लेक पुढे सरसावलीच. स्पर्धा परीक्षेसाठी ती वर्षभर इंग्रजीतले अवघड शब्द घोकत होती. केळीच्या बागेत गेली तरी तोंडात शब्दच. दवाखान्यात डॉक्टरांच्या तोंडून हा शब्द निघाला तेव्हाही बापाने तिच्याकडेच पाहिलं होतं, आणि तिने आईच्या देखत अर्थ ठणकावून सांगितला होता. तो ऐकून आई कितीतरी दिवसांनी हसली होती.

"शामक," ती म्हणाली. "म्हंजे दुखनं कमी करनारं."

"आयकं का? दुखनं कमी व्हनार!"

पोटातल्या गाठीने पार चिपाड झालेली सरलाबाई उशीवरून हसली. दवाखान्यात हसली होती तशीच. मग काय, सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. थोरल्या मुलाचं, धर्मेंद्रचं, लग्न वैशाखात, आखाजीच्या सणानंतर काढू, इथवर गोष्टी गेल्या. दामिनीला तर आभाळ ठेंगणं झालं. एवढ्या माणसांत तो शब्द तिला एकटीला येत होता.

आठवडा उलटला. दुपारी ती मोबाइलवर सराव परीक्षा सोडवत बसली होती आणि तोच शब्द समोर आला. तिने हसतच उत्तराचं बटण दाबलं. चूक! भलत्याच पर्यायाभोवती हिरवी चौकट उमटली. त्या पर्यायाचा अर्थ होता, रोग बरा न करता केवळ वेदना कमी करणारे.

तिने फळीवरची जाडजूड डिक्शनरी ओढली. तिथेही तेच. अर्धा अर्थ तिने पाठ केला होता आणि अर्धा सोडून दिला होता. एका शब्दाला एक अर्थ, परीक्षेला तेवढा पुरे, असं क्लासचे सर सांगायचे. जळो मेलं ते पाठांतर! आई मरायला घरी आली होती आणि हिने गावाला पेढे खायला लावले होते.

डिक्शनरी तशीच छातीशी धरून ती गोठ्यात धावली. गिरधर उसाचं बांडं तोडून बैलांपुढे टाकत होता.

"आबा, मन्ही चुकी झायी. त्या शब्दना अर्थ तसा नही शे." तिला रडू आवरेना. "माय बरी व्हनार नही. तिले मुंबईले लई जाऊत. मन्हामुळे इतला दिवस वाया गयात."

विळा थांबला.

"माले मालूम शे, बेटा."

"तुले कसं मालूम?"

"तू औषधं लेवाले खाले गई व्हती, तवय डॉक्टरनी माले बाजूले लिसन सगळं सांगं. गुजरातीमा. आपन गुजर लोक, माले का गुजराती समजत नही?" त्याने नाक पुसलं. "मुंबईले बी काही इलाज नही म्हने. घर लई जा. होळी दिसाव नही तिले."

दामिनीने मनात दिवस मोजले. होळी आता कुठे लांब होती?

"मंग पेढा कसाले वाटात?"

"तू सांगेल अर्थ आयकीसन तुन्ही माय हासनी ना. मंग मी बी तोच धरा."

ओट्यावरून सरलाबाईचं कण्हणं ऐकू आलं आणि थांबलं. गिरधरने पुन्हा विळा उचलला, पण एक कांडकंही त्याच्याच्याने तुटेना. त्याने तो खाली ठेवला आणि लेकीने छातीशी धरलेल्या पुस्तकाकडे बघत राहिला.

"दामिनी," तो हळूच म्हणाला, "त्या शब्दना आजून एखादा अर्थ व्हई का वं? पाय ना त्यामा."

नव्हता. तिने आत्ताच पाहिलं होतं.

"पाहस, आबा," ती म्हणाली, आणि बांड्यांच्या भाऱ्यावर बसून पानं उलटू लागली.