साखर किती घालू?

मित्रांनो, मी साखरेचा डबा. स्टीलचा, जुना आणि एका बाजूने चांगलाच चेपलेला. तुमच्या ओट्यावर माझा एखादा भाऊबंद असेलच. पण त्याने घरचीच चार तोंडे पाहिली असतील. मी मात्र साउथहॅम्प्टनला येणाऱ्या कितीतरी मराठी आईवडिलांचा चहा गोड केला आहे, कारण माझे आयुष्य गेले विम्याच्या ऑफिसात.

माझा जन्म पुण्याचा. रविवार पेठेतल्या एका दुकानात मी वरच्या फळीवर चकाकत बसलो होतो. एका मावशींनी मला भाचीच्या लग्नासाठी निवडले. दुकानदाराने टर्रर्र यंत्र फिरवून माझ्या पोटावर ‘चि. सुनेत्रास, मावशीकडून’ असे नाव घातले. दुखले खूप, पण नाव घातलेल्या भांड्याचा मान निराळा असतो. सुनेत्राताई लग्नानंतर इंग्लंडला निघाल्या तेव्हा मी पोटात मेतकूट घेऊन बॅगेत बसलो. विमानतळावर कुणीतरी बॅग आपटली आणि मला हा पोचा आला.

त्यांचे यजमान पद्माकरराव विमा एजंट. केस कापण्याच्या एका दुकानावर त्यांचे छोटे ऑफिस होते, आणि फोन घ्यायला सुनेत्राताई तिथे बसत. आल्यागेल्याला चहा दिल्याशिवाय ताईंना चैन पडत नसे, म्हणून मीही ऑफिसात रुजू झालो. “अगदी घरचा चहा!” असे लोक म्हणाले की माझी कॉलर ताठ होई. डब्याला कॉलर नसते, हे मला माहीत आहे.

आमच्याकडे सगळ्यात जास्त खपे तो पाहुण्यांचा थोड्या मुदतीचा आरोग्य विमा. भारतातून आईवडील काही महिन्यांसाठी येत. पाहुण्याला इथल्या इस्पितळात दाखल व्हावे लागले तर बिल येते, म्हणून मुले त्यांच्यासाठी हा विमा काढत. पद्माकरराव फॉर्ममधला प्रश्न वाचत, “पूर्वीचा काही आजार?” समोरून उत्तर येई, “छे हो! ठणठणीत आहे मी.”

मित्रांनो, आपल्या लोकांची ही गंमत आहे. गोळीने ताब्यात राहतो तो आजारच नव्हे, असे त्यांना मनापासून वाटते. आणि मुलासमोर, सुनेसमोर, जावयासमोर तर साधी सर्दीही कबूल करायची नसते. मग सही होई, चहा उकळे, आणि सुनेत्राताई विचारत, “साखर किती घालू?” तेव्हा तोच ठणठणीत माणूस हळूच म्हणे, “माझ्यात नको हं.”

मुरलीधरकाका त्यातलेच. नागपूरचे, इथे राहणाऱ्या सतीशचे वडील. “आजार? अरे, रोज अंबाझरी तलावाला फेरी मारतो मी!” असे म्हणून त्यांनी झोकात सही केली. आणि चहाच्या वेळी कपावर हात आडवा धरला. पद्माकररावांनी तो हात पाहिला. मग सही झालेल्या फॉर्मकडे पाहिले. आणि पाहून न पाहिल्यासारखे करून पेनाला टोपण लावले.

काकांना नव्या बुटांनी पायाला जखम झाली. ती चिघळली, इस्पितळात राहावे लागले, आणि मधुमेह बाहेर आला. कंपनीने पैसे द्यायला नकार दिला. सतीश आमच्या ऑफिसात आला तेव्हा त्याने चहाला हातसुद्धा लावला नाही.

“पद्माकरकाका, क्लेम रिजेक्ट झाला. प्री-एक्झिस्टिंग कंडिशन म्हणे, जुना आजार.”

“सतीश, त्यांनी फॉर्ममध्ये सांगितलंच नव्हतं रे.”

“फॉर्म सोडा. तुम्हाला माहीत नव्हतं?”

पद्माकररावांनी सतीशचा भरलेला कप उचलून बाजूला ठेवला. मुरलीधरकाका बरे होऊन परत गेले, पण ‘मुलावर भार टाकायला पुन्हा नाही येणार’ असे म्हणून गेले. सतीशची लेक सान्वी आता आजोबांना फक्त फोनच्या पडद्यावर बघते.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पद्माकररावांनी तर ताकाचे भांडेच उलटे केले. “ही पॉलिसी आजपासून बंद. जुन्या दुखण्याला ती काही देत नाही, आणि आपल्या लोकांची दुखणी सगळी जुनीच. मग विकायचीच कशाला?” पाहुणे येईनासे झाले. चहा बंद झाला आणि माझी रवानगी कपाटाच्या वर झाली. पोटातल्या साखरेचा दगड झाला. माझे काय चुकले होते, ते मला कुणीच सांगितले नाही, आणि त्याचे फार वाईट वाटले.

मग एक दिवस निधीचा फोन आला. ही पुण्याची मुलगी, नवऱ्याबरोबर नोकरीसाठी इथे आलेली. दिवस भरत आले होते आणि बाळंतपणासाठी आई येऊन पोचली होती. पद्माकररावांनी नेहमीचा नकार दिला. फोन ठेवताच सुनेत्राताई उठल्या.

“अहो, तुम्ही नाही म्हणालात म्हणून ती विमा घ्यायची थांबणार आहे का? मोबाईलवर दोन मिनिटांत घेईल, आणि तिथे ‘आजार नाही’ला टिक करेल.”

“म्हणून मी पुन्हा तेच पाप करू?”

“एक छत्री फाटकी निघाली म्हणून माणसांना पावसात तसंच पाठवायचं? फाटकी कुठे आहे ते दाखवून द्या की! विका, पण आधी नीट विचारा.”

“विचारल्यावर कोण खरं सांगतं?”

ताईंनी खुर्ची ओढली, तिच्यावर चढून मला खाली घेतले, साखर बदलली आणि पुसून लख्ख केले. “आज आधी चहा. फॉर्म नंतर.”

दुपारी निधी आईला घेऊन आली. सुनीतीबाई नीटनेटक्या, हसऱ्या. पिशवीतून डिंकाच्या लाडवांची पुडी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. ताईंनी विचारले, “साखर किती घालू?”

“दोन चमचे!” बाई लेकीकडे बघत मोठ्याने म्हणाल्या.

मी खूश झालो. पण माझी खुशी फार टिकली नाही. निधीचा कप संपला. बाईंचा तसाच राहिला. त्यांनी तो दोनदा ओठांपर्यंत नेला आणि दोनदा खाली ठेवला. चहावर साय धरली. पद्माकरराव त्या कपाकडे बघत होते. या वेळी त्यांनी नजर वळवली नाही.

“निधी, खाली गाडी नीट लागलीय ना, जरा बघून येतेस का?” ते म्हणाले. दार लागल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. “वहिनी, किती वर्षं आहे?”

सुनीतीबाईंचे हसू मावळले. “बरीच झाली. आता इन्सुलिन घेते. निधीला सांगू नका हो. तिला कळलं असतं तर तिने येऊच दिलं नसतं. पहिलं बाळंतपण आहे तिचं, आणि आईच दुखणेकरी! झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ झाकून मी एकदा विमा विकलाय, वहिनी. त्या घरातले आजोबा पुन्हा नातीला भेटायला आले नाहीत.” “मी तिला सांगणार नाही. तुम्हीच सांगा.”

निधी वर आली. आईने मान खाली घालून सांगितले. निधी आधी चिडली, मग रडली. “आई, यू शुड हॅव टोल्ड मी! मी काय तुला परत पाठवणार होते?”

“हो, पाठवलं असतंस.”

“...हो, पाठवलं असतं,” निधी म्हणाली, आणि आईच्या गळ्यात पडली.

आधी सांगितलेला मधुमेह चालतो अशी दुसऱ्या कंपनीची पॉलिसी पद्माकररावांनी शोधली. कशाचा खर्च मिळेल ते थोडे वाचले, आणि कशाचा मिळणार नाही ते चांगले सावकाश, दोघींना वाचून दाखवले. निधीने आईकडून सुई, वेळा, चक्कर आली तर काय करायचे, सगळे शिकून घेतले.

बाळ झाले, मुलगी. सुनीतीबाईंनी मात्र इथेही संकष्टी सोडली नाही. उपास धरला, सवयीने इन्सुलिन घेतले, रक्तातली साखर एकदम उतरली, आणि स्वयंपाकघरात अंधारी येऊन खाली बसल्या. तिला आधी काहीच माहीत नसते तर निधी नुसती घाबरली असती. तिने ओट्यावरच्या डब्यातली साखर पाण्यात कालवून आईला पाजली आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. बाईंना इस्पितळात राहावे लागले. कंपनीने कुरकुर न करता बिल भरले, पण मला विचाराल तर आई वाचली ती ओट्यावरच्या माझ्या भाऊबंदाने. हे ऐकले तेव्हा मी ऑफिसात अभिमानाने खुळखुळलो.

पद्माकररावांनी त्या संध्याकाळी स्वतःहून नागपूरला फोन लावला. मुरलीधरकाकांची त्यांनी माफी मागितली. काका अजून यायला तयार नाहीत. पण हल्ली ते फोन घेतात.

पुण्याला परत जाण्याआधी सुनीतीबाई आमच्याकडे आल्या. कडेवर नात, शेजारी निधी, बाकावर आणखी दोन गिऱ्हाइके. सुनेत्राताईंनी आधण ठेवले आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

“बिनसाखरेचा!” बाई सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या.

बाकावरच्या एका आजोबांनी चमकून पाहिले. मग आपल्या मुलाकडे बघत घसा खाकरला आणि म्हणाले, “माझाही.”

मित्रांनो, मला घासूनपुसून लख्ख ठेवा असे मी तुम्हाला सांगणार नाही. एवढेच करा. घरातल्या मोठ्या माणसांना चहात साखर किती, ते विचारा, आणि उत्तर नीट ऐका. कप तसाच राहिला तर तोही बघा. सुनीतीबाई आल्या त्या दिवशी सगळ्यांनीच बिनसाखरेचा घेतला, माझे झाकण कुणी उघडलेच नाही. साखरेच्या डब्याला याहून मोठा आनंद असू शकतो, असे मला वाटत नाही.