खुणेचे तांदूळ

"कुदळीचा खड्डा न्हाय हा," धाकूबाबा काठावर उकिडवे बसत म्हणाले. "पहार हाय. आपला मानूस खणतो तवा माती बाजूला सारतो, पुन्ना लोटायची आसते म्हनून. यांनी नुसतं भोसकलंय."

जयमाला त्यांच्या मागे उभी होती. खड्ड्यात बघवत नव्हतं, म्हणून ती त्यांच्या सुरकुतल्या मानेकडे बघत होती. सप्तरंगीचा वेल बाजूला लोळत होता. मूळ गेलं होतं, पण पानं अजून हिरवीगार होती. आपण मेलो आहोत हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

वाघजाईच्या रानात सगळे अनवाणी येतात. हद्दीचे दोन दगड आहेत, तिथं चपला काढायच्या. आज तिथं चपलांचा ढीग पडला होता. गावकीचे धर्माजी आले होते, सोनूबाई आली होती, आणि जयमालाचा भाचा मितेशही आला होता. त्याची काशीदला पर्यटकांसाठी कॉटेजेस होती. एरवी या रानाकडे तो कधी फिरकत नसे. तो हळूच तिच्या जवळ सरकला.

"मावशी, ओरडू नको हां. तुझा तो स्टेटस मी आमच्या गेस्टच्या ग्रुपवर टाकला होता. नेचर वॉकला लोक येतील म्हणून. एका अंकलनी पत्ता विचारला, शुगर होती त्यांना. मी फक्त रान सांगितलं. वेल कुठला ते मला तरी कुठं माहीत?"

तेच तर होतं. वेल कुठला ते कुणालाच माहीत नव्हतं. या रानात वेलांची अशी गुंतागुंत की दिवसभर हिंडलं तरी सप्तरंगी सापडायची नाही. ठाऊक होती ती एकट्या धाकूबाबांना. त्यांना ती त्यांच्या बापानं कानात सांगितली होती. तिचं मूळ कापलं की आत रंगांची वलयं दिसतात. मूळ काढायचं तर आदल्या संध्याकाळी बुंध्याशी तांदूळ ठेवून तिला आवतण द्यायचं, सकाळी एका बाजूचं बोटभर घ्यायचं आणि माती लोटून यायचं. गावात कुणाची साखर वाढली की लोक डॉक्टरच्या गोळ्याही घेत आणि बाबांकडेही जात. धाकूबाबांकडे ना शेत, ना नाव. ओळख म्हणाल तर एवढीच.

आणि जयमालाची ओळख? ती मुरुडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. झाडाच्या फांद्या वर्तमानपत्रात दाबायच्या, पानं काळी पडू नयेत म्हणून रोज कागद बदलायचे, वाळलं की जाड पुठ्ठ्यावर दोऱ्यानं शिवायचं. केस पिकले, पण टाका कधी चुकला नाही. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात गोळा करणाऱ्याचं नाव लिहितात. तिथं कायम कुठले तरी सर नाहीतर मॅडम असत. शिवणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत नाही. शिंप्याचं तरी कुठं लिहितात, अशी ती स्वतःचीच समजूत घालायची.

यंदा प्रणाली मॅडम आल्या. तालुक्यातल्या औषधी वनस्पतींची नोंद करायचं काम त्यांनी हाती घेतलं. मोठ्या तोऱ्यात जयमाला त्यांना धाकूबाबांकडे घेऊन गेली. बाबा आधी नाहीच म्हणाले.

"बाबा, नोंद झाली तर उद्या रान तोडायला कुणी आलं की दाखवता येईल," ती म्हणाली.

मग म्हणाले, "तू म्हन्तेस म्हनून."

आदल्या संध्याकाळी त्यांनी तांदूळ ठेवले. सकाळी एक डहाळी तोडून दिली, मुळाला हातसुद्धा लावला नाही. जागेच्या रकान्यात मॅडमनी नुसतं 'मुरुड तालुका' लिहिलं. "नेमकी जागा लिहिली की झाड जातं, जयमालाताई," असं समजावूनही सांगितलं. आणि गोळा करणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं: जयमाला.

तिथं तिच्या डोक्यात हवा गेली. रानातून निघताना तिनं फोटो काढला होता. बाबांचा हात, शेजारचा दुभंगलेला कातळ, वेलाचा बुंधा, आणि बुंध्याशी पांढरेशुभ्र तांदूळ. घरी जाऊन तो तिनं स्टेटसला ठेवला. 'आमच्या वाघजाईच्या रानातली सप्तरंगी. मधुमेहावर गुणकारी. संकलन: जयमाला.' इतके अंगठे तिच्या मुलीच्या लग्नाच्या फोटोंनाही आले नव्हते.

रानातले तांदूळ मुंग्यांनी नेले. फोटोतले राहिले.

दुपारी देवळाच्या ओट्यावर गावकी बसली. धर्माजींनी सरळ विषयाला हात घातला. "बाबा, जागा तुमच्याशिवाय कुनाला ठाऊक?"

"कुनाला न्हाय."

"मग?"

"बोल्लो आसन कुठंतरी. वय झालं. तोंडाला कडी ऱ्हात न्हाय आता."

बोलताना त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, फक्त जयमालाकडे नाही. त्यावरून तिला कळलं की त्यांना सगळं ठाऊक आहे. गप्प राहिलं तर हे निभावून जाईल, हेही त्याच क्षणी कळलं, आणि त्या सुटकेनं तिला जरासं बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच तिला इतकी लाज वाटली की ती उठून उभी राहिली.

"बाबांनी नाही सांगितलं. मी फोटो टाकला मोबाइलवर. कातळ दिसत होता त्यात, आणि वेल कुठला ते तांदूळ सांगत होते. माझ्यामुळे झालं."

मग सोनूबाई म्हणाली, "तो फोटो व्हय? मी पन बगितला. बाबांचा हात काय झ्याक आलेला."

दोघंतिघं हसले. धर्माजीही नरमले. "जयूताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचा हेतू वाईट नव्हता. कॉलेजात गावाचं नाव झालं."

"पण चूक माझी आहे."

"असेल. रीत तुमच्या हातात नव्हती, बाबांच्या हातात होती. दाखवलं त्यांनी." ते धाकूबाबांकडे वळले. "बाबा, इथून पुढं तुम्ही रानात पाऊल टाकायचं न्हाय."

"बरं," बाबा म्हणाले.

"मग मीही नाही जाणार," जयमाला म्हणाली.

"तुम्हाला कोण आडवतंय?" धर्माजी समजुतीनं म्हणाले आणि चहा आला का ते बघायला वळले.

कबुली दिली की मन हलकं होतं म्हणतात. तिचं होईना. चूक तिची होती आणि शिक्षा दुसऱ्याच्या पदरात पडली होती. भर गावात मागूनही तिच्या वाट्याला काही आलं नव्हतं.

संध्याकाळी ती रानाकडे गेली. धाकूबाबा हद्दीच्या दगडांपाशी उभे होते.

"खोटं कशाला बोललात बाबा?"

"खोटं कुठं? दाखवलं तं मीच." मग त्यांनी विचारलं, "ती डहाळी वाळली का?"

"वाळली. शिवली मी."

"रंग ऱ्हायला?"

"जरा उतरला."

"तुजं नाव हाय न्हवं त्याच्यावर?"

जयमालाला मान वर करवेना. "आहे. खोडून टाकते."

"खोडू नको. कुनाच्या तरी नावानं ऱ्हाऊ दे ती." त्यांनी उपरण्याची गाठ सोडली. आत मूठभर तांदूळ होते. "आवतण माजं होतं. बोलवून घेतलं आनि ह्ये आसं झालं. तिला सांगाय पायजे. जा तू."

"मी?"

"मना कुठं जाता येतं? जा. आनि दिसतील आसे टाकू नको."

ती चपला काढून आत गेली. सकाळची हिरवी पानं आता मलूल होऊन लोंबत होती. खड्ड्याशी बसून तिनं तांदूळ खाली ठेवले. काय बोलायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. आजूबाजूचा पाचोळा ओंजळीनं आणून तिनं तांदळांवर घातला. एक दाणा पांढरा दिसत होता. त्याच्यावर आणखी एक पान ठेवलं. मग हातांनी माती ओढून खड्डा जमेल तेवढा लोटला.

परत आली तेव्हा बाबा तिथंच उभे होते. चपला घालायला ती वाकली, आणि वाकलेलीच राहिली. त्या दगडांपाशी धाकूबाबांना तिनं जन्मभर अनवाणीच पाहिलं होतं. आज त्यांच्या पायांत चपला होत्या.